कष्टकऱ्यांचा धन्वंतरी : रामाझिनी

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघणार आणि तीत प्रत्येकीने चार ओळी तरी लिहाव्यात असे ठरले, तेव्हा मी मोठ्या पेचात पडले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. पुढे लग्न, संसार आणि मुलेबाळे. लेखणीशी संबंध काय तो वाणसामानाच्या यादीपुरता. पण दोन वर्षांपूर्वी माझ्या हातांनी मला जो धडा शिकवला, त्यामुळे एका थोर पुरुषाची ओळख झाली. त्यांचे चरित्र आपणा सर्वांना सांगावे असे मनापासून वाटले, म्हणून हे धाडस करीत आहे. डॉक्टर लोकांत त्यांचे नाव मोठे आहे, पण आपल्यासारख्यांच्या घरापर्यंत ते पोहोचलेले नाही. चुकलेमाकले असेल तर भगिनींनी पदरात घ्यावे.

त्या थोर पुरुषाचे नाव बर्नार्दिनो रामाझिनी. ते इटली देशातले. आता इटलीतल्या वैद्याचा आणि आपल्या मंडळाचा काय संबंध, असे कोणीही विचारील. तो संबंध आधी सांगते.

आपल्या मंडळाच्या गृहउद्योगात आपण कपडे धुण्याची पावडर करू लागलो, तेव्हा मिश्रण कालवण्याचे काम मी आपणहून अंगावर घेतले. घमेल्यात धुण्याचा सोडा घ्यायचा, त्यात काळसर दाट ॲसिड स्लरी ओतायची आणि गुठळ्या राहू नयेत म्हणून हाताने चोळून एकजीव करायचे. पीठ मळण्याची सवय असलेल्या बाईला त्यात काय अवघड वाटणार? दोन महिन्यांनी हात कोरडे पडू लागले. मग बोटांच्या पेरांना चिरा गेल्या, नखांच्या कडेला खाज सुटली, बारीक पाणीदार फोड आले. मला वाटले, अंगात उष्णता झाली. वांगे सोडले, सब्जाचे पाणी प्यायले, रात्री खोबरेल लावून झोपले. औषधाच्या दुकानातून एक मलमाची नळी आणली. ती लावली की चार दिवस बरे वाटे आणि सोडली की दुप्पट उसळे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी हात पदराखाली लपवून बसले. एका शेजारणीने माझ्या हातून वाण घेताना बोटे आखडती घेतली, ते मी पाहिले. त्या रात्री मला झोप लागली नाही. तरी मंडळात मी अवाक्षर काढले नाही. हातांचे कारण सांगून काम बंद पडले तर दहाजणींची मिळकत जाईल, ही धास्ती होती.

शेवटी मुलीने बळेच सरकारी रुग्णालयात नेले. तिथल्या त्वचारोगाच्या डॉक्टरीणबाईंनी माझे हात पाहिले, आणि औषध लिहिण्याआधी मी दिवसभर या हातांनी काय काय करते ते विचारले. मी घरीच असते असे सांगितले, तर त्यांनी पुन्हा तेच विचारले. मग मी पावडरीचे सांगितले. तेव्हा त्या म्हणाल्या की हा प्रश्न डॉक्टरांना तीनशे वर्षांपूर्वी रामाझिनी नावाच्या वैद्याने शिकवला. ते नाव मी मुलीकडून कागदावर लिहून घेतले. पुढे तिने पुस्तके वाचून मला जे समजावले, ते इथे माझ्या भाषेत मांडते.

रामाझिनींचा जन्म १६३३ साली उत्तर इटलीतील कार्पी या गावी झाला. म्हणजे आपल्या शिवाजी महाराजांहून ते तीन वर्षांनी लहान. कार्पीतच जेझुइट पाद्र्यांच्या शाळेत त्यांचे शिक्षण झाले. पुढे पार्मा येथील विद्यापीठात आधी तत्त्वज्ञान आणि मग वैद्यक शिकून १६५९ साली ते डॉक्टर झाले. इकडे प्रतापगडावर अफजलखानाचा वध झाला ते हेच वर्ष.

अनुभवासाठी ते रोमला गेले आणि तेथून जवळच्या लहान गावांत वैद्यकी करू लागले. तो भाग हिवतापाचा. दुसऱ्यांना बरे करता करता त्यांनाच तापाने गाठले, आणि प्रकृती इतकी ढासळली की काम सोडून कार्पीला परतावे लागले. तिथे ते सावरले, त्यांचा संसार उभा राहिला, आणि काही वर्षांनी ते मोडेना या शहरात राहावयास गेले. मोडेनाच्या ड्यूकने तिथे विद्यापीठाची घडी नव्याने बसवली, तेव्हा १६८२ साली रामाझिनींना वैद्यकाचे अध्यापक नेमले. मोठ्या घराण्यांत त्यांची ये-जा सुरू झाली. पैसा होता, मान होता. दुसरा कोणी असता तर एवढ्यावर समाधान मानून राहिला असता.

पण त्यांच्या आयुष्याला वळण लावले ते एका मैला उपसणाऱ्या माणसाने. ही हकिगत त्यांनी आपल्या ग्रंथात स्वतःच लिहून ठेवली आहे.

मोडेना दाट वस्तीचे शहर. घरे उंच, मजल्यावर मजले. प्रत्येक घराखालचे शौचकूप दर तीन वर्षांनी उपसून स्वच्छ करण्याची तिथे रीत होती. एकदा रामाझिनींच्या स्वतःच्या घरी हे काम चालले होते. आत उतरलेला एक माणूस फार घाईघाईने, जीव तोडून काम करीत होता. त्यांना त्याची कणव आली. इतकी दमछाक कशाला, सावकाश का करीत नाहीस, असे त्यांनी विचारले. त्या माणसाने वर पाहिले आणि सांगितले की या जागी चार तासांहून अधिक राहणे म्हणजे काय, हे ज्याने अनुभवले नाही त्याला कळायचे नाही, ते आंधळे होण्यासारखेच आहे. तो वर आल्यावर रामाझिनींनी त्याचे डोळे नीट पाहिले. ते लालभडक झाले होते आणि दृष्टी अंधुक होती. यावर उपाय काय करता, असे विचारले, तर तो म्हणाला की घरी जाऊन अंधाऱ्या खोलीत दार लावून दुसऱ्या दिवसापर्यंत पडून राहायचे आणि कोमट पाण्याने डोळे धुवायचे, एवढेच. पुढे रामाझिनींच्या लक्षात आले की याच धंद्यातली अर्धी किंवा पूर्ण दृष्टी गेलेली माणसे शहरात भीक मागत हिंडतात. ती रोज दिसत होती, पण त्यांच्या डोळ्यांचा आणि त्यांच्या कामाचा संबंध कोणी जोडला नव्हता.

मला या हकिगतीत एक गोष्ट फार मोठी वाटते. इतका विद्वान माणूस, पण त्याने एका मैला उपसणाऱ्याला प्रश्न विचारला, आणि त्याचे उत्तर खरे मानले. आपल्याकडेही हे काम करणाऱ्यांना आपण काय विचारतो? पाणी सुद्धा वरून ओतण्याचा काळ फार जुना नाही.

त्या दिवसापासून रामाझिनी कारागिरांच्या मागे लागले. त्या काळचा वैद्य रोग्याची नाडी पाही, औषध सांगे आणि चालता होई. रामाझिनी मात्र कामाच्या जागी जाऊ लागले. कुंभार, काचकाम करणारे, सोन्याचा मुलामा देणारे, कातडी कमावणारे, छापखान्यातले, दगड फोडणारे, सुईणी, दाया, विणकर, धोबिणी, सर्वांकडे ते गेले. कुंभार भांड्यांना झिलई देण्यासाठी शिसे वापरीत, त्यांचे हात आधी कापू लागत आणि मग लुळे पडत, हे त्यांनी टिपले. मुलामा देणारे पाऱ्याच्या वाफेने झिजत, हेही टिपले. आपण ज्याला हलके काम समजतो त्या कारकुनांकडेही त्यांचे लक्ष गेले. सतत बसणे, हाताची एकच एक हालचाल आणि चूक होऊ नये म्हणून मनाला पडणारा ताण, या तिन्हींचा त्रास त्यांनी नोंदवला.

प्राचीन ग्रीक वैद्य हिपॉक्रेटिस याने सांगून ठेवले होते की रोग्याला काय होते, किती दिवसांपासून होते, खाणेपिणे काय, हे विचारावे. रामाझिनींनी त्यात आणखी एका प्रश्नाची भर घातली : तुझा धंदा कोणता? विशेषतः रोगी गरीब असेल तर हा प्रश्न विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये, असा त्यांचा आग्रह होता. गरिबाच्या घरी गेल्यावर मोलाच्या खुर्चीची वाट न पाहता मिळेल त्या तिपाईवर वैद्याने बसावे, घाईने नाडी धरू नये, आधी स्वस्थपणे विचारपूस करावी, असेही त्यांनी लिहिले आहे. माझ्या डॉक्टरीणबाई तेच करीत होत्या.

या साऱ्या निरीक्षणांचा ग्रंथ त्यांनी १७०० साली मोडेना येथे लॅटिन भाषेत प्रसिद्ध केला. इकडे राजाराम महाराजांचे निधन होऊन ताराराणींनी राज्याचा भार शिरावर घेतला ते हेच साल. कामकऱ्यांचे रोग असा त्या ग्रंथाचा विषय. चाळीसांहून अधिक धंद्यांची हकिगत त्यात होती. कामकऱ्यांच्या रोगांचा असा सर्वांगीण विचार करणारा तो पहिला ग्रंथ, म्हणून रामाझिनींना या शास्त्राचे जनक मानतात.

भगिनींनो, त्या ग्रंथात आपल्यासाठी विशेष आहे ते धोबिणींचे प्रकरण. त्या काळी युरोपात कपडे लाकडाच्या राखेच्या खाऱ्या पाण्याने धूत. आपल्याकडेही राख आणि रिठे वापरीत, तसेच. ते पाणी उकळायचे, त्याच्या वाफेत उभे राहायचे आणि दिवसभर ओल्या जागी, ओल्या अंगाने कपडे आपटायचे. या बायकांना दमा-खोकला होतो, अंग सुजते, मासिक धर्मात बिघाड होतो, हे रामाझिनींनी लिहिले. आणि त्या तीव्र खाऱ्या पाण्याने त्यांच्या हातांना चिरा पडतात, हेही लिहिले. मुलीने हे वाचून दाखवले तेव्हा मी माझ्या हातांकडे पाहत राहिले. तीनशे वर्षांपूर्वी, सात समुद्रांपलीकडे, कुठल्या अनोळखी धोबिणीचे हात कोणीतरी पाहिले होते आणि ते पुस्तकात लिहिण्याजोगे मानले होते! राजेरजवाड्यांच्या रोगांवर तर सगळेच लिहितात.

भाजणी-भाकरी करणाऱ्यांचेही त्यांनी सोडले नाही. पाव भाजणाऱ्यांचे हात कणीक तिंबून तिंबून सुजतात आणि पिठाच्या धुळीने त्यांना खोकला व दमा जडतो, असे त्यांनी पाहिले. जोगिणींच्या मठांत स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण इतर स्त्रियांहून जास्त असते, हेही त्यांनीच प्रथम लक्षात आणून दिले. अपत्यजन्म आणि स्तनपान यांचा या रोगाशी संबंध आहे, हे पुढच्या काळात सिद्ध झाले.

रामाझिनींना सगळेच कळले होते असे मात्र नाही. शरीरातले रस बिघडून रोग होतात, ही त्या काळची समजूत तेही मानीत. पण एक गोष्ट त्यांना पक्की कळली होती. पोटासाठी माणूस धंदा सोडू शकत नाही. म्हणून नुसते काम सोड असे सांगणे हे औषध नव्हे. धुळीकडून तोंड फिरवावे, काम संपताच ओले-मळके कपडे बदलावेत, अंग स्वच्छ करावे, बैठे काम असेल त्याने हिंडावे-फिरावे, अतिश्रम टाळावे, असे जमण्याजोगे उपाय त्यांनी सांगितले. ज्यांच्या श्रमावर शहरे चालतात त्यांचे वैद्यकावर ऋण आहे, अशी त्यांची भावना होती.

त्यांना जे कळणे शक्य नव्हते, ते पुढच्या लोकांनी शोधले. डॉक्टरीणबाईंनी मला ते असे समजावले. कामामुळे होणारा हातांचा त्रास मुख्यतः दोन प्रकारचा. पहिल्यात सोडा, साबण, ॲसिड, चुना यांसारखे पदार्थ कातडीवरचे तेलकट संरक्षण धुऊन टाकतात आणि कातडी भाजल्यासारखी होते. पुरेसा वेळ लागला तर हा त्रास कोणालाही होईल. दुसरा प्रकार ॲलर्जीचा. त्यात शरीर एखाद्या विशिष्ट द्रव्याशी वैर धरते. आधी महिने, कधी वर्षे, काहीच होत नाही, आणि एकदा वैर जडले की त्या द्रव्याचा थोडासा स्पर्शही पुरतो. ते वैर सहसा आयुष्यभर जात नाही. गवंड्यांना सिमेंटमधल्या क्रोमियमची ॲलर्जी होते, केस रंगवणाऱ्यांना काळ्या कलपातल्या पीपीडी नावाच्या द्रव्याची, तर पुष्कळ बायकांना नकली दागिन्यांतल्या निकेलची. टिकलीच्या डिंकातल्या एका द्रव्याने कपाळावर पांढरा डाग पडतो, तोही असाच रसायनाचा प्रताप. यात पूर्वजन्मीचे पाप नाही आणि स्पर्शाने दुसऱ्याला लागण्यासारखेही काही नाही.

नेमके वैर कोणाशी, हे ओळखण्याची युक्ती योसेफ याडासोन या जर्मन डॉक्टरांनी १८९५ साली लोकांपुढे मांडली. पाठीवर निरनिराळ्या द्रव्यांच्या पट्ट्या चिकटवतात, दोन दिवसांनी काढतात आणि त्यानंतर एकदोन दिवसांनी पुन्हा पाहतात. जिथे लाल होऊन खाज सुटेल, ते द्रव्य आपले शत्रू.

या पट्ट्यांची गरज मलाही पडली. सुरुवातीला मी रबरी हातमोजे घालून काम सुरू केले. चिरा भरून आल्या, पण मनगटापर्यंत, मोज्याच्या कडेशी बरोबर थांबणारे नवेच पुरळ उठले. मी मनातून खचले. पट्ट्या लावल्यावर कळले की रबर तयार करताना घालतात त्या एका द्रव्याची मला ॲलर्जी आहे. म्हणजे पावडरीने कातडी फोडली होती आणि फुटलेल्या कातडीवर रबराचे द्रव्य बसले होते. आता मी आत सुती मोजे आणि वरून प्लॅस्टिकचे मोजे घालते. हात बरे आहेत. जुन्या चिरांच्या खुणा मात्र राहिल्या आहेत.

आता रामाझिनींच्या उत्तरायुष्याकडे वळू. ग्रंथ निघाला त्याच वर्षी, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, त्यांना पादुआच्या विद्यापीठात बोलावणे आले. व्हेनिसच्या राज्यातले ते नामांकित विद्यापीठ. तिथे त्यांना मोठा सन्मान मिळाला, पण शरीर थकत चालले होते. छातीत धडधड होई, डोके दुखे, आणि सर्वांत वाईट म्हणजे दृष्टी जाऊ लागली. ज्यांनी मैला उपसणाऱ्याच्या डोळ्यांत डोकावून पाहिले, त्यांचेच डोळे गेले, हा दैवाचा केवढा खेळ! तरी त्यांनी काम टाकले नाही. दुसऱ्याकडून वाचून घेत, लिहून घेत त्यांनी ग्रंथात आणखी बारा प्रकरणांची भर घातली. ही वाढवलेली आवृत्ती १७१३ साली पादुआ येथे निघाली. पुढच्याच वर्षी, १७१४ च्या नोव्हेंबरात, झटका येऊन त्यांचे देहावसान झाले. त्यांचे वय त्या वेळी ८१ वर्षांचे होते. त्यांच्या जन्मगावी कार्पी येथे १९८२ साली त्यांच्या नावाने एक संस्था स्थापन झाली. निरनिराळ्या देशांतले शास्त्रज्ञ तिच्यातर्फे कामाच्या जागच्या धोक्यांचा अभ्यास करतात.

असे हे चरित्र. त्यात तलवारीचा पराक्रम नाही, सिंहासन नाही. एका माणसाने दुसऱ्याला विचारलेला एक साधा प्रश्न, एवढाच त्याचा गाभा.

आता शेवटची गोष्ट, जी सभेला हजर असलेल्यांना ठाऊक आहे. हात बरे झाल्यावर आपल्या मासिक सभेत मी उभी राहिले आणि पदराखालून हात काढून सर्वांना दाखवले. माझा आवाज कापत होता. मी एवढेच विचारले की आणखी कोणाला असे होते का. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग भरणीचे काम करणाऱ्या एका बाईंनी आपले हात पुढे केले. मग दुसरीने. मग पॅकिंगवरच्या तिसरीने. तिघींनीही माझ्यासारखेच काम जाईल म्हणून लपवले होते. हळदीकुंकवाला ज्यांनी बोटे आखडली होती, त्या शेजारीण बाईही त्या दिवशी सभेत होत्या. सभा संपल्यावर त्यांनी माझे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. याहून जास्त मी काही लिहीत नाही.

त्यानंतर मंडळाने हाताने कालवणे बंद केले. आता लांब दांड्याच्या लाकडी उलथण्याने मिश्रण ढवळतात, मोजे मंडळाच्या खर्चाने येतात, खिडक्या उघड्या असतात, आणि दर सभेच्या आरंभी सगळ्याजणी हात पुढे करून एकमेकींचे पाहतात. पावडर थोडी कमी होते, पण गृहउद्योग बंद पडलेला नाही. ज्याची मला धास्ती होती ते घडले नाही.

आपल्या घरी धुणेभांडी करणाऱ्या बाईंचे हात आपण कधी पाहिले आहेत का? शेजारचा मुलगा सिमेंटच्या कामावर जातो, कोणाची सून पार्लरमध्ये केस रंगवते, कोणाचे यजमान रंगाच्या कारखान्यात आहेत. त्यांना खाज सुटली, चिरा पडल्या, तर उष्णतेवर बोट ठेवण्याआधी आपण विचारावे की तुम्ही दिवसभर या हातांनी काय करता. आणि डॉक्टरांनी विचारले नाही, तर आपण होऊन सांगावे. मी घरीच असते, हे उत्तर देऊ नये. घरी असणाऱ्या बाईचे हात दिवसातून किती वेळा कशाकशात बुडतात, हे तिच्याशिवाय दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार?

मंडळाची अशीच भरभराट होवो आणि सर्व भगिनींचे हात सुखरूप राहोत, हीच ईश्वरचरणी प्रार्थना.